निरंक

सकाळी साडेआठ.
चष्मा, पेन, वही. चहा नंतर.
सांदवाडीत पऱ्हाट्यांच्या ढिगापलीकडे
चार पायांवर उभी पांढरी पेटी,
उपकेंद्राच्या जुन्या खिडकीच्या झडपांतून
गोमाजी सुताराने ठोकलेली.
दार उत्तरेला, उघडताना
पाऱ्यावर ऊन पडू नये म्हणून.

तीस वर्षं लसींच्या फ्रीजचं तापमान लिहिलं,
सकाळ-संध्याकाळ, दोन ते आठच्या मध्ये.
लाइन गेली की कुप्या बर्फाच्या डब्यात
आणि डबा मांडीवर.
निवृत्त झाले, हात रिकामा राहिना.
आता ज्याचं लिहिते
त्याला झाकण नाही.

देवकाबाईंना वाटलं मधमाश्यांची पेटी.
आखाडीला कोणीतरी शेंदूर फासून
नारळ फोडून गेलं.
मी साबणाने धुतलं.
गडद रंगाने अर्ध्या अंशाचा फरक पडतो, बाई,
देवाला पडत नसेल.

मे. कमाल शेहेचाळीस पूर्णांक चार.
ओल्या फडक्याचा पारा पार खाली, तेवीसवर.
फडकं माझ्याच जुन्या लुगड्याचं,
आणि त्याच्या बाटलीतलं पाणी
एक साळुंकी पिऊन जाते दुपारी,
म्हणून तिच्यासाठी वेगळी वाटी.
ती बाटलीचंच पिते.

वीटभट्टीवरून उकंडरावांचा फोन,
"सिस्टर, अठ्ठेचाळीस लिवा ना जी,
पेपरात गावाचं नाव येते."
म्हटलं, ताप वाढवून लिहिला
तर औषध चुकते, भाऊ.

कमालचा पारा चढतो तिथंच थांबतो.
दुपार सरते, रात्र होते, कुलर बंद पडतो,
तो तिथंच.
आपण होऊन उतरत नाही, झटकावा लागतो,
तापाच्या थर्मामीटरसारखा, मनगटातून,
दोनदा, तिसऱ्यांदा.
गुडघे गेले, मनगट शाबूत आहे.

पावसाचा रकाना नोव्हेंबरपासून
निरंक, निरंक, निरंक.
हा शब्द मी महिनाअखेरच्या अहवालात शिकले:
माता मृत्यू – निरंक.
तो लिहायला हात कधी कंटाळला नाही.

मोतीबिंदूसाठी सेवाग्रामला गेले
तेव्हा चार दिवस उईक्यांच्या नयनने लिहिलं.
चारही दिवस पावसापुढे गोल गोल शून्य.
"रोज पाहिलं का मापात?"
अंगठ्याने माती उकरत म्हणाला,
"बुधवारी नाही. मॅच होती.
पण पाऊस नव्हताच ना, आजी."

बुधवारचं शून्य मी खोडलं, जागा कोरी ठेवली.
शून्य म्हणजे कोणीतरी वाकून आत पाहिलं.
कोरी म्हणजे आभाळ आलं असेल, गेलं असेल,
आपण नव्हतो.
त्याला काही पटलं नाही.
"दोन्ही सारखंच तं हाय," म्हणाला, आणि गेला.

त्या रात्री नव्या डोळ्याने जुनी वही चाळली.
नऊ जानेवारी, हे गेले ती पहाट.
किमान सात पूर्णांक आठ. दव भरपूर.
वारा नाही. पाऊस निरंक.
ओसरीत बाया जमल्या होत्या,
मी मागच्या दाराने जाऊन आले, साडेआठला.
गावात बोलणं झालं त्यावरून,
वर्षभर तरी.
अक्षर बघितलं, हललेलं नाही.
शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवल्याचा
एक ठिपका आहे फक्त.

सकाळी आठ वीसला नयन फाटकाशी.
"अठ्ठावीस पूर्णांक दोन."
मी पाहिलं. तीन.
खालून पाहू नको रे, डोळा पाऱ्याच्या रेषेत घे.
टाचा उंचावल्या तरी पुरेना.
भट्टीवरून दोन विटा आणल्या आहेत आता,
पेटीच्या दाराशी, एकावर एक.
एक डुगडुगते.
खाली चिपळी लावायची आहे.